फावल्या वेळाचं काय करायचं? क्रॉस स्टिच, केक आणि स्टेबिन्सची चौकट



'सिद्धांताची चिकित्सा करा' असं पेटच्या पेपरात, कोर्सवर्कमध्ये आणि पुढे प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये आपल्याला सांगितलं जातं. ती करायची कशी, हे मात्र फारसं कुणी दाखवत नाही. मग आपण काय करतो? शेवटच्या परिच्छेदात 'सदर सिद्धांत पाश्चात्त्य संदर्भात मांडलेला असल्याने भारतीय परिस्थितीस लागू पडत नाही' असं एक वाक्य टाकतो आणि मोकळे होतो. मीही टाकलं होतं. सिनॉप्सिसचा पहिला मसुदा, पान ११. गाइड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले : 'कुठे अडतो? दाखव.'

आज ते दाखवायचा प्रयत्न करते. सिद्धांत घेतलाय रॉबर्ट स्टेबिन्स या समाजशास्त्रज्ञाचा, 'सीरियस लेझर' नावाचा. मराठीत 'गंभीर विरंगुळा' म्हटलं तर हसू येतं, पण तात्पुरतं चालवून घेऊ. आणि उदाहरणं घरातलीच आहेत : डोंबिवलीला आईचं क्रॉस स्टिच आणि ठाण्याला मावशीचं बेकिंग. हे फील्डवर्क नाही, दोन माणसांवरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाहीये. एखादी चौकट हातात आली की ती ओळखीच्या माणसांवर ठेवून बघायची, एवढाच हेतू आहे.

आधी एक फसलेली मुलाखत

प्रश्नावली तयार झाली की पहिली चाचणी घरच्यांवर करायची, हा सगळ्या पीएचडीवाल्यांचा अलिखित नियम. मी आईसमोर बसले. तिसरा प्रश्न होता : 'मोकळ्या वेळात आपण कोणते छंद जोपासता?'

आई म्हणाली, "मला कुठला आलाय मोकळा वेळ? आणि छंद वगैरे काही नाही गं. पुढचं विचार."

हे बोलताना तिच्या मांडीवर मॅटीचं कापड होतं आणि ती सुईत दोरा ओवत होती. तिच्या मागच्या भिंतीवर तिनेच भरलेली दोन हंसांची फ्रेम आहे, माझ्या जन्माआधीची. मी इमानदारीत रकान्यात लिहिलं : 'छंद – नाही.'

त्या रात्री टंकताना ती नोंद डोळ्यासमोर आली आणि मला माझीच लाज वाटली. दोष आईच्या उत्तरात नव्हता, माझ्या प्रश्नात होता. प्रश्न स्टेबिन्सच्या चौकटीतून उचलला होता आणि 'लेझर'चं भाषांतर मी काहीही विचार न करता 'मोकळा वेळ' असं केलं होतं. या एका भाषांतरावर पुढे परत येऊ.

स्टेबिन्स नक्की काय म्हणतो

टीका करण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता आलं पाहिजे. तेव्हा आधी ते.

स्टेबिन्सने सत्तरच्या दशकात हौशी पुरातत्त्वज्ञ, हौशी नट, बेसबॉलपटू, आकाशनिरीक्षक अशा लोकांचा अभ्यास केला. त्याला दिसलं, की ही माणसं पोटापाण्यासाठी हे करत नाहीत, पण टीव्हीसमोर लोळण्यासारखंही करत नाहीत. त्यात मेहनत आहे, शिकणं आहे, निराशाही आहे. १९८२ साली त्याने या प्रकाराची नीट मांडणी केली. अशा विरंगुळ्याचे त्याने तीन गट केले : हौशी कलावंत-खेळाडू-अभ्यासक, छंदिष्ट आणि स्वयंसेवक. छंदिष्टांचे परत पाच प्रकार. त्यातला एक म्हणजे वस्तू घडवणारे. केक आणि क्रॉस स्टिच दोन्ही इथे बसतात.

'गंभीर' विरंगुळ्याच्या सहा खुणा त्याने सांगितल्या. एक, चिकाटी. दोन, टप्पे, म्हणजे नवशिकेपणापासून निष्णात होण्यापर्यंतचा प्रवास. तीन, ज्ञान, सराव आणि कौशल्य लागणारा खास प्रयत्न. चार, टिकाऊ लाभ : आत्मविश्वास, ताजंतवानं वाटणं, हाताशी राहणारी वस्तू. पाच, त्या मंडळींचं आपसातलं वेगळं जग, त्यांचे संकेत, त्यांची भाषा. सहा, त्या छंदाशी जोडलेली स्वतःची ओळख.

या सगळ्याच्या तळाशी एक गृहीतक आहे : विरंगुळा म्हणजे माणसाने मोकळ्या वेळात, कुणाच्याही सक्तीविना, स्वतःला करावंसं वाटतं म्हणून केलेली गोष्ट. 'मोकळा वेळ' आणि 'सक्ती नाही' हे दोन शब्दप्रयोग लक्षात ठेवा. पुढची सगळी कुरबुर तिथेच आहे.

चौकट कुठे छान बसते

चिकित्सा म्हणजे नुसती चुका काढणं नव्हे. ही चौकट आईवर ठेवली तर बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा दिसतात, हे मला मान्य केलंच पाहिजे.

क्रॉस स्टिचला बाहेरचे लोक 'सोपं असतं ते, नुसत्या फुल्या मारायच्या' असं म्हणतात. हिशेब करून बघा. १४ काउंटचं आयडा कापड म्हणजे इंचाला १४ चौकटी. १०० गुणिले १४० चौकटींचं मध्यम आकाराचं डिझाइन पूर्ण भरायचं, तर १४,००० फुल्या. तयार चित्र जेमतेम ७ इंच रुंद आणि १० इंच उंच. तासाला १०० फुल्या धरल्या आणि रोज अर्धा तास मिळाला, तर २८० दिवस. त्यात एका ओळीत एक चौकट चुकली, की चूक पुढच्या वीस ओळींनंतर कळते, जेव्हा हंसाची मान एका घराने सरकलेली असते. मग उसवायचं. ही झाली चिकाटी.

कौशल्याचंही तसंच. सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेडात पृष्ठभाग डागाळल्यासारखा दिसतो. सुरुवातीला गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखाली दाबायचं. लडीतल्या सहा पदरांतले दोन सोडवून घ्यायचे. आणि सगळ्यात मोठा संकेत : जाणकार बाई काम हातात घेतली की आधी उलटी करून बघते. मागची बाजू जितकी स्वच्छ, तितकी भरणारी मुरलेली. स्टेबिन्स ज्याला छंदाचं 'वेगळं जग' म्हणतो, ते हेच.

मावशीकडेही सहाच्या सहा खुणा सापडतात. तिचं बेकिंग लॉकडाऊनमध्ये सुरू झालं. जुलै २०२०मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, तेव्हा त्यांच्या इमारतीतल्या सहाजणींनी एक चॅलेंज काढलं : दर शनिवारी एकच पाककृती, एकसारखी मापं, सगळ्यांनी आपापल्या घरी करायची आणि फोटोबरोबर आतला काप दाखवायचा. नुसता वरून सजवलेला केक चालणार नाही. काप दाखवायचा, म्हणजे जाळी पडली की नाही ते कळतं. पहिल्या शनिवारी मावशीचा केक मधोमध बसला, कारण विसाव्या मिनिटाला तिने ओव्हनचं दार उघडून बघितलं. दुसऱ्या वेळी बसला नाही, पण रवंदळ झाला. तिसऱ्या महिन्यात तिने वजनकाटा आणला.

हा वजनकाटा मला महत्त्वाचा वाटतो. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं घरोघर पोचवली आणि अंदाजाने शिजवणाऱ्या स्वयंपाकाला मोजायला शिकवलं. मावशी त्याच मापांवर वाढलेली. भाजी-आमटीत वाटी चालते, कारण शिजता शिजता दुरुस्त करता येतं. केकमध्ये मिश्रण ओव्हनमध्ये गेलं की हात बांधले. मैदा चाळलेला की दाबून भरलेला, यावर एका वाटीचं वजन बदलतं. वाटीकडून ग्रॅमकडे जाणं हा तिच्या प्रवासातला टप्पा आहे, स्टेबिन्सच्या अर्थाने अगदी नेमका. नुसतं 'आवड म्हणून केक करतात' असं लिहिलं असतं, तर हे निसटलं असतं.

तेव्हा चौकट निकामी नाही. आता ती कुठे अडते ते बघू.

पहिली अडचण : वेळ मोकळा की फावलेला?

आपल्या भाषेत 'लेझर'ला एकच शब्द नाही. मोकळा वेळ आहे, रिकामा वेळ आहे, फुरसत आहे, विरंगुळा आहे आणि फावला वेळ आहे. हे समानार्थी नाहीत. 'फावणं' म्हणजे साधणं, संधी मिळणं. 'फावलं तर येईन' म्हणतो आपण. म्हणजे मोकळा वेळ आपल्या मालकीचा असतो, फावला वेळ हाती लागलेला असतो. एकाचं नियोजन करता येतं, दुसरा झडप घालून पकडावा लागतो.

आईने ते हंस कुठे भरले, हे मी नंतर विचारलं. निम्मे लोकलमध्ये. ती डोंबिवलीहून सुटणारी गाडी पकडायची, त्यामुळे बसायला मिळायचं, आणि मुंबईपर्यंतचा तासाभराचा प्रवास तिचा होता. बायकांच्या डब्यात कुणी भाजी निवडायची, कुणी पोथी वाचायची, कुणी स्वेटर विणायची. आई फुल्या मोजायची. उरलेले निम्मे कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये.

इथे दोन छंदांतला एक फरक उघडा पडतो, जो स्टेबिन्सच्या सहा खुणांत कुठेच नाही. क्रॉस स्टिच कुठल्याही क्षणी खाली ठेवता येतं. दाराची बेल वाजली, दूध उतू जायला आलं, उतरायचं स्टेशन आलं, सुई कापडात टोचून ठेवायची. तीन दिवसांनी उचललं तरी पुढची फुली जिथे होती तिथेच असते. केक असा थांबत नाही. बेकिंग पावडर ओली झाली की तिची क्रिया सुरू झाली. मिश्रण तासभर ओट्यावर ठेवलं, तर हवा निघून जाते. ओव्हन आधी तापवायचा, १८०ला ३५-४० मिनिटं ठेवायचा, मध्ये उघडायचा नाही, मग निवेपर्यंत थांबायचं. म्हणजे सलग दीड-दोन तास हवेत.

सलग वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांना केक परवडतो. तुटक वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांना टाका परवडतो. आई नोकरी, प्रवास आणि घर यांत अडकलेली असताना तिने क्रॉस स्टिच 'निवडलं', की तिच्या वेळाच्या तुकड्यांत बसेल तेवढंच उरलं होतं? मावशीचं बेकिंग ज्या महिन्यांत सुरू झालं, त्या महिन्यांत लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती. तिच्या दिवसातले प्रवासाचे तीन तास अचानक घरी आले. छंदाचा जन्म आवडीतून होतो हे खरं, पण कुठली आवड जगेल हे वेळाचा आकार ठरवतो. स्टेबिन्सच्या चौकटीत वेळाचं प्रमाण आहे, वेळाचा आकार नाही.

दुसरी अडचण : सक्ती नाही म्हणजे काय?

स्टेबिन्सवरची स्त्रीवादी टीका मी शोधून काढलेली नाही. रोझमेरी डीमचं पुस्तक १९८६चं आहे, आणि आयलीन ग्रीन, सँड्रा हेब्रन व डायना वुडवर्ड यांचं १९९०चं. दोन्ही ब्रिटनमधल्या बायकांच्या विरंगुळ्यावर आहेत, आणि दोघांच्या शीर्षकातच विरंगुळा आहे तरी कुठे, हा सवाल आहे. तेव्हा 'पाश्चात्त्य सिद्धांत' आणि 'भारतीय वास्तव' अशी सरळ रेघ मारणं किती फसवं आहे बघा. या सिद्धांताला पहिला जोरदार आक्षेप पश्चिमेतूनच आला. माझं पान ११वरचं वाक्य त्यामुळे नुसतं आळशी नव्हतं, चूकही होतं.

आक्षेपाचा गाभा असा : घरातल्या बाईचा छंद बहुतेक वेळा कुणासाठी तरी असतो. भाच्याच्या वाढदिवसाचा केक मावशीने केला. त्यात तिला आनंद होता, चॅलेंजमध्ये शिकलेली नवी पद्धत वापरायची होती. पण 'या वर्षी बाहेरून आणू या' असं ती म्हणू शकली असती का? एकदा 'आमच्या घरी केक घरचाच' असं ठरलं की नाही म्हणायची सोय जाते. आवड असते आणि तिच्या पोटातच बंधन तयार होतं.

स्टेबिन्सला हे ठाऊक नाही असं नाही. २००० साली त्याने विरंगुळ्यातल्या 'सुखद बंधना'वर लिहिलं. नाटकाच्या तालमीला जायलाच लागतं, पण ते जाणं नटाला आवडतं, म्हणून ते विरंगुळ्यातच मोडतं, असा त्याचा युक्तिवाद. उत्तर हुशारीचं आहे. पण नट तालीम सोडू शकतो. नाराजी पत्करून का होईना, तो मंडळी सोडून जातो. घर सोडता येत नाही. तेव्हा बंधन सुखद आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. ते मोडलं तर काय होतं, हे विचारायला हवं.

तिसरी अडचण : टाका एकच, नावं तीन

आईच्या आजीचं एक इरकल लुगडं घरात आहे, पदराजवळ कसुती भरलेलं. कसुती ही धारवाड-बेळगाव भागातली मोजून भरायची कला. तिच्यात मुख्य टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातला मेंथी म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून क्रॉस स्टिच. कापडावर चित्र छापलेलं नसतं, दोरे मोजूनच भरायचं.

पुढे मिशनच्या शाळांतून आणि नंतर बायकांच्या संस्थांतून शिवण-भरतकाम हा शिक्षणाचा भाग झाला. पुण्याच्या सेवासदनात, १९०९पासून, बायकांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून शिवणकाम शिकवलं जाई. आणि आईच्या पिढीपर्यंत येईतो तोच टाका रुखवतात जाऊन बसला. दसुतीवरचं तोरण, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं झाकण. मुलीने भरलेलं मांडायचं आणि वरपक्षाच्या बायकांनी बोट फिरवून बघायचं. हंसांची फ्रेमही रुखवतातलीच आहे. आई त्याला छंद म्हणत नाही, कारण ते तेव्हा छंद नव्हतंच. ती एक परीक्षा होती.

रोझिका पार्करच्या 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या १९८४च्या पुस्तकात हाच धागा आहे. इंग्लंडमध्ये भरतकामाने मुलींना 'बाई' बनवलं, मान खाली घालून गप्प बसायला शिकवलं, आणि त्याच भरतकामाने बायकांना स्वतःचं काही म्हणायची जागाही दिली, अगदी मताधिकाराच्या मोर्च्यांतल्या फलकांपर्यंत. पार्करचं बळ हे, की ती दोन्ही बाजू एकाच टाक्यात बघते. स्टेबिन्सच्या चौकटीत टाका एकतर छंदाच्या रकान्यात असतो, नाहीतर बाहेर.

मात्र पार्करवरही एक शंका घ्यायला हवी. तिचं लक्ष घरात बसून भरणाऱ्या बाईवर जास्त आहे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई दुपारी घरी कपड्यांचे दोरे कापायचं काम करतात, नगावर पैसे. कात्री, दोरा, कापड, वाकलेली मान, सगळं आईसारखंच. फरक इतकाच, की तिथे किती नग झाले हे दुसरा मोजतो. माझ्या अभ्यासात 'डोंबिवलीच्या स्त्रियांचे छंद' असं शीर्षक ठेवलं असतं, तर या ताई आपोआप बाहेर पडल्या असत्या आणि मला कळलंही नसतं. छंद हा शब्द वापरतानाच आपण कुणाचा वेळ अभ्यासतोय हे ठरून जातं.

चौथी अडचण : आकडेवारीत दोघीही नाहीत

आता संख्यात्मक संशोधन करणाऱ्यांसाठी. आपल्याकडे २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभराची पहिली मोठी वेळ-वापर पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांपुरती सरासरी काढली, तर बायका बिनपगारी घरकामात दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७ मिनिटं घालवतात असं आलं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. हा फरक दाखवणं हे या पाहणीचं मोठं काम आहे, आणि मोकळ्या वेळाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी हे आकडे समोर ठेवावेत.

पण आता मावशीचा शनिवारचा केक यात कुठे जाईल ते सांगा. पाहणीत कामांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात. घरच्यांसाठी खाणं तयार करणं हे बिनपगारी घरकामात. म्हणजे चॅलेंजमधल्या दोन तासांचा आनंद २९९च्या ढिगात जाऊन पडणार. आईची फुली? तिला छंद म्हटलं तर एक रकाना, घरच्या वापरासाठी कापडाची वस्तू बनवणं म्हटलं तर दुसरा. आणि ती टीव्ही बघताना भरते. दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या कप्प्यांत नोंदवला जातो, एका कप्प्यात अनेक कामं असली तर त्यातलं एक मुख्य मानलं जातं. पाहणीवाल्यांनी विचारलं तर आई काय सांगेल? "मालिका बघत होते." माझ्यासमोर सुई हातात असताना ती 'छंद नाही' म्हणाली, तर परक्या माणसाला ती १४,००० फुल्यांबद्दल काय सांगणार?

म्हणजे केक कामात बुडाला आणि टाका मालिकेखाली झाकला गेला. एवढ्यावरून पाहणी चुकीची ठरत नाही. कुठलंही मोजमाप काही कप्पे करूनच मोजतं. पण 'महिलांना छंद नाहीत' किंवा 'महिला फावल्या वेळात फक्त टीव्ही बघतात' असं त्या आकड्यांवरून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने हा खुलासा केला पाहिजे. कार्यात्मक व्याख्या म्हणजे काय, हे नेटसाठी पाठ केलेलं असतं आपण. ती चुकली की माणसं कशी नाहीशी होतात, ते हे असं.

मग चौकट टाकून द्यायची?

नाही. मला वाटतं चौकट ठेवावी, पण तिच्या दारात चार प्रश्न उभे करावेत. 'हा छंद आहे का?' असं विचारण्याऐवजी :

१. हे मध्येच थांबवता येतं का? आणि दिवसात कितीदा थांबवावं लागतं?
२. तयार झालेलं कुणाकडे जातं?
३. सोडून दिलं तर कुणाला उत्तर द्यावं लागेल?
४. चांगलं झालं की नाही, हे कोण ठरवतं?

हे प्रश्न स्टेबिन्सच्या सहा खुणांना रद्द करत नाहीत. त्या खुणा कुठल्या परिस्थितीत उमटतात, ते सांगतात. मावशीचंच बघा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या बाबतीत बदललं. आधी 'छान झालाय' हे घरचे ठरवायचे, आणि घरचे काहीही खाऊन छान म्हणतात. चॅलेंजमध्ये पाचजणी काप बघून सांगतात, "सोडा जास्त झालाय, रंग बघ." तिला हे आवडतं. पन्नाशीत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हातच्या पदार्थाची जाणकारीने चिकित्सा करतंय. घरात कौतुक होतं, पण चिकित्सा होत नव्हती. बेकिंग चॅलेंजमधली खरी मजा मला यात दिसते, आणि स्टेबिन्सच्या पाचव्या खुणेशिवाय ती मला दिसली नसती.

मग गेल्या वर्षी तिच्याकडे ऑर्डरी येऊ लागल्या. स्टेबिन्सकडे यालाही जागा आहे. कामालाच छंदासारखं वाहून घेणाऱ्यांवर त्याने २००४ साली पुस्तक लिहिलं. पण मावशीने चार ऑर्डरी घेतल्या आणि पाचवी नाकारली. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, अर्ध्या किलोचे पैसे सांगताना मैदा, बटर, क्रीम सगळं धरते मी. माझे तीन तास कुणी धरत नाही, आणि धरले तर कुणी घेत नाही. त्यापेक्षा शनिवार बरा." तिने बाजाराला नकार दिला आणि छंद परत छंद केला. हा निर्णय 'सक्ती नसलेला' आहे. पण तो तिला मिळालेला नव्हता, तिने हिशेब करून घेतला.

पान ११चं काय झालं

त्या जागी आता हे वाक्य आहे : 'स्टेबिन्सची चौकट सलग आणि स्वतःच्या मालकीचा वेळ गृहीत धरते, ज्यांचा वेळ तुटक आणि इतरांना बांधलेला आहे, त्यांच्या बाबतीत तिच्या सहा खुणा दिसतात, पण त्या व्यक्ती स्वतःला छंदिष्ट म्हणवून घेत नाहीत, म्हणून सहावी खूण, म्हणजे ओळख, स्वतंत्रपणे तपासावी लागेल.' मॅडमनी यावेळी पेन्सिल उचलली नाही. 'तपासणार कशी?' एवढंच तोंडी विचारलं. म्हणजे एक पायरी वर गेलो, जिना बाकी आहे.

प्रश्नावलीतही बदल केला. 'मोकळ्या वेळातले छंद' काढून टाकलं. आता विचारते : 'फावलं की हातात काय घेता?' आईला परत विचारलं. ती दहा मिनिटं थांबली नाही. मॅटी, दसुती, आयडातला फरक, कुठल्या दुकानात अँकरच्या लडी सुट्या मिळतात, कुठला हिरवा दोरा धुतल्यावर रंग सोडतो, आणि रिटायर झाल्यावर डोळे साथ देईनात म्हणून ती १४ काउंटवरून ११वर कशी आली. सगळं लिहून घेतलं. रकाना पुरला नाही, मागच्या पानावर गेले.

तुमच्यासाठी या वेळचा स्वाध्याय : तुमच्या विषयातला एक मध्यवर्ती पारिभाषिक शब्द घ्या. त्याची मराठीत निदान तीन भाषांतरं करा. मग घरातल्या एका माणसाला तिन्ही शब्द वापरून तोच प्रश्न तीनदा विचारा. तिन्ही उत्तरं सारखी आली, तर तुमचा शब्द भक्कम आहे. वेगळी आली, तर तुमची चिकित्सा तिथून सुरू होते.

आणि हो, हे लिहिताना मध्ये तीन वेळा उठून मी स्वतः चौदा फुल्या मारल्या. थिसिस लिहिताना हात कशात तरी गुंतलेले बरे असतात. उलटी बाजू मात्र अजून कुणाला दाखवण्यासारखी नाही.